कधीची बातमी

आमच्या ऑफिसात सरांना कुणाबद्दल काही विचारायची सोय नव्हती. "सर, मालक केबिनमध्ये आहेत का?" म्हटलं, की क्षणभर थांबून म्हणायचे, "होते."

"होते म्हणजे? गेले?"

"मी बगितलं तवा होते. आता काय करालेत मला काय म्हाईत?"

विचारणारा वैतागून स्वतःच बघून यायचा. मालक खुर्चीत बसलेले असायचेच, आणि सरांना त्याचं काडीचंही नवल वाटायचं नाही. कुणी धावत येऊन "लिंक चालू झाली" म्हणून सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "कधीचं?" जेवणाचे डबे आलेत म्हटलं तरी "कधीचं?" कोपऱ्यावरचा चहावाला एकदा भडकला होता. त्यानं ग्लास पुढे केला, सर "कधीचा?" म्हणाले, तसा तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "आत्ताचा की ओ! कालचा चहा इकायला बसलोय व्हय मी?" सरांनी एक घोट घेतला, थांबले आणि म्हणाले, "व्हय, आत्ताचाच हाय."

हे थांबणंही त्यांचं खास होतं. काहीही विचारा, उत्तराआधी एक श्वासभर शांतता. नव्या माणसाला वाटायचं, यांना ऐकू कमी येतं. ऐकू माझ्या वडिलांना कमी येतं, बेळगावातल्या वडगावात जन्मभर मागाच्या खडखडाटात बसून. सरांचे कान शाबूत होते. निम्मं आयुष्य उपग्रहावरून बोलण्यात गेलेलं, जिथे आवाज उशिरा पोचतो. पलीकडचा पुरता बोलून झाला याची खात्री पटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय समोरासमोरच्या बोलण्यातही उतरली होती. मी तोंडाची फटकळ. माझी तीन वाक्यं होईपर्यंत त्यांचा एक हुंकार यायचा, तोही माझ्या पहिल्या वाक्याला.

आमचं काम काय, हे वडगावात समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली आहे. गल्लीत माझी ओळख 'मिलिट्रीच्या व्हिडिओ गेमात कामाला हाय' अशीच आहे आणि ती अगदीच चूक नाही. रणगाडा चालवायला शिकवायचं तर रोज उठून खरा रणगाडा बाहेर काढता येत नाही. म्हणून खोलीत एक लोखंडी खोका असतो. आत सीट, दांडे, समोर पडदा. जवान त्यात बसतो आणि पडद्यावरच्या मैदानात रणगाडा हाकतो. असे खोके ठिकठिकाणी होते. एक बेळगावात आमच्याजवळ, एक दूर वाळवंटातल्या छावणीत, एक उत्तरेला डोंगरात. तिघांनी मिळून एकच लढाई लढायची. प्रत्येकाच्या पडद्यावर तेच मैदान, तीच टेकडी, तेच तळं, आणि बाकीचे दोघे जिथे असतील तिथे दिसले पाहिजेत. या तिघांना जोडणाऱ्या तारा, डिश आणि त्यांतून पळणारी माहिती, एवढं आमचं खातं. सर त्या खात्याचे मुख्य.

माहिती कितीही पळाली तरी तिला वाटेत वेळ लागतोच. त्यातून डोंगराकडची लिंक म्हणजे लहरी महंमद, ढग आले की निम्मं वाटेतच गळायचं. म्हणून या धंद्यात एक रीत आहे. रणगाडा सारखा बडबडत नाही. 'मी इथं आहे, या दिशेनं, या वेगानं चाललोय' एवढं सांगतो आणि गप्प बसतो. पुढची बातमी येईपर्यंत बाकीच्यांचे संगणक त्याला अंदाजानं तसाच पुढे नेतात. वळला तर तो पुन्हा सांगतो. आणि उभाच असला, काहीच करत नसला, तरी थोड्या थोड्या वेळानं त्यानं 'आहे' म्हणून हाक द्यायचीच. हाक आली नाही तर बाकीचे जरा वाट बघतात आणि त्याला पडद्यावरून काढून टाकतात.

सरांनी मला हे फळ्यावर शिकवलं नाही. मी कामाला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला आणि आणखी एकाला पाठीला पाठ लावून दोन टेबलांवर बसवलं. दोघांसमोर बेळगावचा एकसारखा नकाशा, त्यावर दोन दोन गुंड्या. एक आपली, एक दुसऱ्याची. आपली गुंडी रस्त्यावरून हवी तशी चालवायची आणि मधूनच एक चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठी नेणार स्वतः सर, तेही ऑफिसला वळसा घालून, वाटेत पाणी पिऊन. मधल्या वेळात दुसऱ्याची गुंडी अंदाजानं सरकवत राहायची. शेवटी नकाशे शेजारी ठेवले तर मी खडेबाजारात आरामात फिरत होते आणि त्याच्या टेबलावर किल्ल्याच्या खंदकात पडले होते.

"बगितलंस?" सर म्हणाले. "समोरचा माणूस आपल्याला कवाच दिसत न्हाई. त्याची शेवटची बातमी दिसती."

"मग खरा माणूस कुठं असतो, सर?"

बराच वेळ थांबून म्हणाले, "असतोय की कुठंतरी."

त्यांना या अंदाजाचा नादच होता. हायवेच्या कडेच्या टपरीवर चहा पिताना निपाणीकडे जाणारी एसटी समोरून गेली, की बोलता बोलता मध्येच म्हणायचे, "आता काकती." पुन्हा गप्पा. मग "हत्तरगी." ऑफिसात परतून कामाला लागलो तरी टेबलावरून आवाज यायचा, "संकेश्वर." शेवटी स्तवनिधीचा घाट उतरवून गाडी निपाणीच्या स्टँडात लावली, की मोकळे व्हायचे. तपासायला कधी कुणी गेलं नाही. मी एकदा म्हटलंही, "सर, ती यमकनमर्डीला पंक्चर झाली असेल तर?" तर दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणखी एक. चुकीच्या अंदाजानं भलतीकडे गेलेला रणगाडा खरी बातमी आल्यावर जागेवर आणायचा असतो, पण झटक्यानं नाही. पडद्यावर तो टुणकन उडी मारून गेला तर बघणाऱ्याचं डोकं फिरतं. हळूहळू, न कळत सरकवायचा. सरांनी हे माणसांनाही लावलं होतं. दुसऱ्याच्या चुकीसाठी एकदा त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळी खरं काय ते त्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कामात एक बरी गोष्ट शोधून काढली. मग मिठाईच्या दुकानातून कुंदा आणून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "सर, एकदा सॉरी म्हणून टाकायचं की ओ!" तर म्हणाले, "झटका बसतंय."

हिंडलग्याला एका शेतकऱ्याच्या घरात वरची खोली घेऊन एकटे राहायचे. लग्न केलं नाही. जेलच्या बाजूला राहता का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "जेल माझ्या बाजूला ऱ्हातंय." त्यांचं एकच माणूस म्हणजे निपाणीची आई. तिनं तंबाखूच्या धुरळ्यात बिड्या वळून या एका मुलाला इंजिनिअर केलं होतं, आणि आता मुलगा बेळगावला ये म्हणत असताना ती निपाणी सोडत नव्हती. तिचं म्हणणं, "माजं बुद्धविहार हितं, माज्या बाया हितं. हिंडलग्याला जाऊन जेलकडं बगत बसू व्हय?" एकटी म्हातारी, गुडघे गेलेले, न्हाणीची फरशी गुळगुळीत. सरांचा सगळा घोर तिथे होता. बाकी कशाचीच भीती त्या माणसाला नव्हती.

म्हणून रोज सकाळी आईची रिंग यायची. कॉलेजात असताना बोलण्याला पैसे पडत, तेव्हापासूनची त्यांची ठरलेली पद्धत होती. आईनं तीनदा वाजवून फोन ठेवायचा. उचलायचा नाही. रिंग आली म्हणजे आई आहे. पुढे बोलणं फुकट झालं, लोक एकमेकांना पडद्यावर बघायला लागले, पण या दोघांची पद्धत बदलली नाही. सर बटणांचा जुना फोन खिशात ठेवायचे. वाजला की काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. एकदा समोर लष्करातले मोठे साहेब बोलत असताना वाजला. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, फोन बघितला, ठेवला आणि म्हणाले, "हां, बोला."

ती रिंग कधीच एका वेळी येत नसे. नळाला पाणी लवकर आलं तर उजाडताना. दूधवाला रेंगाळला, शेजारीण बोलत उभी राहिली, विहारात वंदनेला बसली, तर आठ वाजायचे. आठपर्यंत सर शांत असत. त्यानंतर त्यांचं लक्ष उडायचं. शेजारणीला फोन करायचे आणि मागून आईच्या शिव्या ऐकू यायच्या. एकदा कामासाठी कोल्हापूरला जाताना आम्ही निपाणीत त्यांच्या घरी थांबलो. आईला जयभीम केला, तर बसायच्या आधीच गाऱ्हाणं सुरू. "बग की गं पोरी, मी जित्ती हाय म्हणून रोज हजेरी लावायची! मिलिट्रीत मी हाय का ह्यो?" बोलता बोलता माझ्या एसटीच्या जुन्या तिकिटाचे तिनं बिडीच्या पानाच्या मापाचे तुकडे कापून ठेवले होते. बोटांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. निघताना मला हळूच म्हणाली, "खायाला वेळेवर खातोय का ह्यो? मला कोण सांगणार?"

मग तो मोठा कार्यक्रम ठरला. तिन्ही ठिकाणची लढाई एकत्र चालते हे पाहायला लष्करातले वरचे पाहुणे बेळगावला येणार होते. पसंत पडलं तर मोठी ऑर्डर. नाही पडलं तर बेळगावचं ऑफिस बंद करायचं, असं पुण्याच्या हेड ऑफिसात चाललेलं होतं. तिथून मदतीला एक हुशार इंजिनिअर आला. तो आल्यापासून डोंगराकडची लिंक एकदम सुधारली. तिकडचा रणगाडा लोण्यातून सुरी जावी तसा चालायला लागला. मालक खूश.

सर मात्र त्या रणगाड्याच्या हाकांच्या वेळा कागदावर काढून घेऊन दुपारभर बसले. मग त्या इंजिनिअरला बोलावलं.

"ह्या हाका कुठनं येतात?"

"डोंगरातल्या साइटवरून, सर."

"न्हाई." कागदावर बोट ठेवून म्हणाले, "डोंगरातनं आलेली हाक कधी लवकर येती, कधी उशिरा, कधी दोन मिळून येतात. ह्या सगळ्या एका मापाच्या हायत. इतकं वेळेवर तिकडनं काय येत न्हाई. हे हितनंच कोणतरी बोलालंय."

तो जरा ओशाळला. म्हणाला, "सर, फक्त मधली जागा भरून काढली आहे. लिंक गेली की आपल्याकडचा लिंकचा बॉक्स त्यांच्या वतीनं 'आहे' म्हणतो. लिंक आली की खरी माहिती सुरू."

"आणि तो तिकडं नसला तर?"

"सहसा असतोच, सर."

सरांनी डोंगराकडे फोन लावला. रणगाडा चालत असतानाच खोका बंद करा आणि चहा प्यायला जा, असं तिथल्या जवानांना सांगितलं. मग मालकांना पडद्यासमोर आणून उभं केलं. पडद्यावरचा रणगाडा आपला डुलत चालला होता. टेकडी उतरला, तळ्याच्या काठाला आला आणि थेट पाण्यावरून चालत पलीकडे गेला.

मालक म्हणाले, "वा! काय स्मूथ चाललाय!"

आम्ही हसू दाबलं. सरांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "साहेब, त्यात माणूसच न्हाई."

त्यावरून चांगलीच जुंपली. सरांचं म्हणणं, बातमी जुनी झाली की तो रणगाडा पडद्यावर फिकट दिसला पाहिजे. जितकी जुनी, तितका फिकट. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, की हा आहे का नाही ते आपल्याला ठाऊक नाही. मालक म्हणाले, "पाहुण्यांना भुतं दाखवायची?" शेवटी सर म्हणाले, "पडद्याजवळ मी उभा ऱ्हातो. फिकट का झाला ते मी सांगतो. ऑर्डर गेली तर माझ्यामुळं गेली म्हणा." त्या एका बोलीवर मालक तयार झाले. पुण्याच्या इंजिनिअरनं आपली युक्ती बंद केली, पण काढून टाकली नाही.

त्या आठवड्यात आम्ही सगळे पहाटेच ऑफिसात यायचो. सर आमच्याही आधी आलेले असायचे. आईची रिंग यायची, ते बघून ठेवायचे. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून झाल्या होत्या, सर इस्त्रीचा शर्ट घालून पडद्याजवळ उभे होते. फोन वाजला. त्यांनी काढला, बघितला, खिशात घातला. आणि लगेच परत काढला. बराच वेळ बटणं दाबत राहिले. मग माझ्याकडे फोन दिला. "हे वाच."

आईच्या रिंगा ओळीनं होत्या. आज साडेसहा. काल साडेसहा. परवा साडेसहा. मला काही कळेना. "वेळेवर तर आल्यात की, सर."

"तेच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आईनं घड्याळ बगून कवा रिंग दिली न्हाई गं. ही आई न्हवं."

त्यांनी आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेजारणीचा बंद. सर मालकांकडे गेले. "मी निपाणीला चाललो."

"आत्ता? अहो, पाहुणे दोन तासांत येतील! पडद्याजवळ कोण उभं राहणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग ती फिकट भुतं बंद ठेवू हं आम्ही. पुण्यावाल्याची युक्ती चालू करू."

"काय करायचं ते करा," सर म्हणाले. मध्ये श्वासभरही थांबले नाहीत. इतक्या वर्षांत असं मी पहिल्यांदा ऐकलं.

सरांना गाडी येत नव्हती. मीच चालवायला बसले. काकती गेलं, हत्तरगी गेलं. ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "काही झालं नसेल, सर. रिंग तर आली ना?"

"कुणाची?" ते म्हणाले.

संकेश्वरच्या पुढे मी मूर्खासारखं विचारलं, "आई आत्ता काय करत असतील?" लांबच्या गाड्या घाट उतरवून देणारा तो माणूस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हाईत न्हाई."

दार शेजारणीनंच उघडलं. हातात आईचा फोन. आम्हाला बघून तिनं तो पदराखाली लपवला. "आईंनीच सांगितलंतं, दादा. गजर लावून रिंग द्यायचे मी. मी नको म्हणालते."

आई खाटेवर होती. एक पाय उशीवर, सुजून टम्म, गावच्या वैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या. आठवड्यापूर्वी न्हाणीत घसरली होती. चेहरा दुखण्यानं काळवंडलेला, पण मुलाला बघताच पहिलं वाक्य, "तुजा कार्यक्रम आज हाय न्हवं रं? हितं कशाला आलास?"

सर चिडलेले मी त्या दिवशी पाहिले. नंतर कधी नाही. आवाज चढवायची सवय नसलेला माणूस, त्यांचा आवाज फाटलाच. "खोटी रिंग दिलीस मला! रोज मी बगून खिशात घालालोय, आई हाय म्हणून! तू मेली असतीस तरी रिंग आली असती की!"

"मेली न्हवते की," आई शांतपणे म्हणाली. "जित्ती हुते. मग खोटं काय त्यात?"

सर वाकून तिच्या पायाच्या पट्ट्या बघायला लागले.

"तुला कळलं असतं तर सगळं टाकून आला असतास."

"आलोच असतो!"

"म्हणून तर." ती जरा कुशीवर झाली, दुखलं तशी दात खाऊन थांबली. मग म्हणाली, "आणि तू तरी कवा इचारतोस रं? रिंग वाजली, बगितली, खिशात घातली. एकदा उचलला असतास तर माज्या आवाजावरनं कळलं असतं. आमचा चेकर बिड्या नुसत्या मोजून घेत न्हवता, हातात धरून दाबून बगायचा. तू मला नुसती मोजतोस."

सर खाली जमिनीवर बसले. आईचा धड पाय हातात धरला आणि लहान मुलासारखे रडले. शेजारीण पदर डोळ्याला लावून उभी. माझंही रडू आवरेना, आणि मी काही अशी पटकन रडणारी नव्हे. आई एकटीच कोरडी होती. "पोरीला च्या तरी करा कोणतरी," ती म्हणाली.

ॲम्ब्युलन्सनं तिला बेळगावला आणलं. हाड मोडलं होतं, ऑपरेशन ठरलं. आम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हा पुण्याच्या इंजिनिअरचा फोन आला. सरांनी मला स्पीकरवर लावायला सांगितलं. तो आनंदात होता. "सर, एकदम झकास झालं! पाहुणे खूश आहेत. डोंगराकडची लिंक मध्ये मध्ये जात होती, पण कुणाला कळलंसुद्धा नाही!"

मी सरांकडे बघितलं. 'कधीचं?' विचारतील असं वाटलं. ते समोरच्या बंद दाराकडे बघत होते.

"कुणाला कळलं न्हाई," ते स्वतःशी म्हणाले. मग बाकावरून उठून आईच्या खोलीत गेले.

आई बरी होऊन वॉकर धरून चालायला लागेपर्यंत ते त्या कार्यक्रमाबद्दल गप्प राहिले. मग एके दिवशी लष्करातल्या त्या पाहुण्यांना त्यांनी स्वतःच फोन लावला, मालकांना सांगून, त्यांच्यासमोर. त्या दिवशी तुम्ही जे बघितलं त्यातलं डोंगरातलं निम्मं आमच्या बॉक्सचं होतं, असं सांगितलं. वाटलं, आता ऑर्डर गेली. तसं काही झालं नाही. पलीकडचे साहेब बराच वेळ थांबले, सरांसारखेच, आणि म्हणाले की फिकट दिसणारे ठेवा. ऑर्डर राहिली, ऑफिस राहिलं. मालकांनी मात्र सरांशी कामापुरतंही बोलणं सोडलं. वर्ष संपायच्या आत सरांनी राजीनामा दिला आणि हिंडलग्याची खोली सोडून निपाणीला आईजवळ राहायला गेले. घरी बसून मिळेल ते काम करायचे. मी विचारलं, "करमतंय का, सर?" तर म्हणाले, "ती बोलत असती. ऐकतोय."

आई आणखी दोन वर्षं होती. ती गेली त्या दिवशी मी निपाणीला गेले. सर दारात बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मी जवळ होतो. हात हातात होता." एवढं सांगून पुन्हा बाहेर बघायला लागले. त्यांना दुःख होतं, खूप होतं, पण पूर्वीचा तो घोर चेहऱ्यावर उरला नव्हता.

आता रोज सकाळी मी त्यांना फोन करते. सुरुवातीला आईंसारखी नुसती रिंग देऊन ठेवणार होते. म्हटलं, एकटे आहेत, आहेत एवढं कळलं तरी पुरे. पण पहिल्याच दिवशी तीनदा वाजायच्या आत त्यांनी उचलला. मी गडबडले. म्हटलं, "सर, मी नुसती रिंग देत होते."

"नुसती देऊ नकोस," ते म्हणाले. आणि मग, "कशी हायस?"

तेव्हापासून रोज तोच प्रश्न. मी मागाच्या आवाजापासून दूर, गच्चीवर जाऊन उभी राहते. वडिलांचं ऐकणं आता पूर्णच गेलंय, माझ्या नोकरीचं काय होईल ते माहीत नाही, आणखीही बरंच असतं. पण सकाळी कुणी कशी आहेस विचारलं की तोंडातून एकच निघतं. "बरी आहे, सर."

पलीकडून काहीच येत नाही. पहिले काही दिवस मी घाबरून "हॅलो, हॅलो" करायचे, लिंक गेली असं वाटायचं. आता ओळखते. ते तिथेच असतात, थांबलेले असतात. मग मी गच्चीच्या कठड्याला टेकते, आणि खरं काय ते सांगायला लागते.